उतारवय आणि व्यायाम
(ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



वडीलधाऱ्यांचा मान राखण्याची आपल्या ज्ञातीतील रीत जुनी आहे व ती स्तुत्यच आहे. परंतु या मानाचे एक रूप मला अलीकडे बोचू लागले आहे. वडील निवृत्त झाले की मुलगा म्हणतो, ‘आता तुम्ही स्वस्थ बसा’; सून हातातली पिशवी काढून घेते. माझ्या वडिलांना आम्ही भावंडांनी असेच प्रेमाने आरामखुर्चीत बसविले. चार-पाच वर्षांत त्यांना तिच्यातून आधारावाचून उठवेना. पुढे ते न्हाणीघरात पडले, खुब्याचे हाड मोडले, आणि पुन्हा हिंडूफिरू लागले नाहीत. आम्ही सेवा समजून केले, त्याने त्यांच्या पायांतले बळ गेले, ही जाणीव आम्हांला उशिरा झाली.

बैठ्या जीवनाचा परिणाम शास्त्रज्ञांनीही पडताळून पाहिला आहे. १९५३ साली लंडनच्या डॉ. जेरी मॉरिस यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. ड्रायव्हर दिवसभर बसून असे. कंडक्टर सारखा जिना चढे-उतरे. कंडक्टरांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. एका पाहणीवरून निर्णय होत नाही हे खरे. परंतु पुढील अनेक संशोधनांनी हाच कौल दिला. स्वतः मॉरिस नियमित व्यायाम करीत. २००९ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांचे वय ९९ वर्षांचे होते.

‘आता या वयात काय होणार?’ असे कोणी विचारील. १९९० साली अमेरिकेतील बोस्टन येथे सरासरी ९० वर्षे वयाच्या मोजक्या वृद्धांकडून आठ आठवडे वजने उचलण्याचा व्यायाम करून घेण्यात आला. त्यांच्या पायांची शक्ती सरासरीने दुपटीहून अधिक वाढली. तेव्हा स्नायू वृद्ध झाले तरी शिकणे सोडीत नाहीत, असेच म्हणावे लागेल.

यासाठी आखाडा नको की खर्च नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेला सल्ला साधा आहे: आठवड्यात किमान १५० मिनिटे झपाट्याने चालणे किंवा तत्सम श्रम, दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम, आणि पासष्टी उलटलेल्यांनी तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणे, हाही व्यायामच. हृदयविकार, रक्तदाब वा चक्कर असल्यास डॉक्टरांना विचारून, आणि हळूहळू वाढवीत जावे, एवढेच पथ्य.

आपल्या माताभगिनींना तर हे अधिकच सांगावयास हवे. घरकाम झाले म्हणजे व्यायाम झाला, असे मानून त्या स्वतःसाठी अर्धा तासही काढीत नाहीत, आणि उतारवयात हाडे ठिसूळ होण्याचा धोका त्यांनाच अधिक असतो.

व्यायामाने कोणी अमर होत नाही. परंतु जितके आयुष्य लाभेल, त्यातील अखेरची वर्षे आपल्या पायांवर चालण्याची आशा त्याने वाढते. म्हणून माझी नम्र विनंती अशी की, उद्या सकाळी वडिलांना ‘बसा’ म्हणण्याऐवजी ‘चला, मीही येतो’ असे म्हणा. मला ते म्हणावयाचे राहून गेले. आपले राहू नये.