अटींवर मिळालेला प्रवेश

परीक्षेचा निकाल लागल्यापासून पुढील संस्थेचें प्रवेशपत्र हातीं येईपर्यंत जो काळ जातो, तो सुशिक्षित घरांतील मंडळींना चांगलाच परिचित आहे. टपालवाला गल्लीच्या तोंडाशीं दिसला कीं सारें घर कान टवकारतें. गुण भरपूर असले म्हणजे धाकधूक थोडी कमी, इतकेंच. परंतु गुणांत कोठेंहि उणें नसतां नकार यावा, आणि पुढें होकार आला तोहि तोंड कडू करणारा असावा, असा प्रसंग १९३३ सालीं कमलाबाई भागवत यांच्यावर आला.

पुढें सोहोनी या आडनांवानें प्रसिद्धीस आलेल्या कमलाबाई या लेखिका दुर्गाबाई भागवत यांच्या धाकट्या भगिनी. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेहि रसायनशास्त्रज्ञ. बंगलोरची जी विज्ञानसंस्था लोकांच्या तोंडीं टाटा इन्स्टिट्यूट म्हणून होती, तिच्या आरंभींच्या विद्यार्थ्यांपैकीं. तेव्हां मुलीनें मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण होऊन त्याच संस्थेकडे संशोधनासाठीं अर्ज करावा, यांत घरीं कोणास नवल वाटण्याचें कारण नव्हतें. बंगलोरास मात्र वाटलें. संचालकपदीं त्याच वर्षीं सर चंद्रशेखर वेंकट रामन आले होते. १९३० चें नोबेल पारितोषिक मिळविलेले. त्यांनीं अर्ज नाकारला, तो अर्जदार स्त्री आहे एवढ्याच कारणानें.

वडील-चुलत्यांची भीड खर्ची पडली, पण उपयोग झाला नाहीं. मग कमलाबाई स्वतःच रामन यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनीं नकाराचें कारण विचारलें. योग्यता कमी आहे असें तर कोणासहि म्हणतां येईना. अखेर प्रवेश मिळाला. पण तो कसा? पहिलें वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी समजलें जाणार नव्हतें. मार्गदर्शक सांगतील त्याप्रमाणें, प्रसंगीं रात्रीं उशिरापर्यंत, काम करावें लागणार होतें. आणि त्यांच्यामुळें प्रयोगशाळेचें वातावरण बिघडतां कामा नये!

पहिल्या दोन अटी कडक खऱ्या, पण त्यांचा संबंध निदान कामाशीं होता. तिसरीचें तसें नाहीं. ती पाळली गेली कीं मोडली, हें ठरविणार कोण? दुसऱ्याच्या चित्ताचा तोल गेला, तर त्याचा जाब विद्यार्थिनीनें कां द्यावा? असली वार्ता ज्या घरीं येते, त्यानें पेढे वाटावे कीं होकार परत धाडावा? परत धाडला असता तर मान राहिला असता. दार मात्र बंदच राहिलें असतें. कमलाबाईंनीं अटी मान्य केल्या. अपमान त्या विसरल्या नाहींत. उतारवयांतहि त्यांनीं तो स्पष्ट शब्दांत बोलून दाखविला.

श्रीनिवासय्या हे त्यांना मार्गदर्शक लाभले, आणि दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांवर त्यांचें काम सुरू झालें. वर्ष सरलें तेव्हां रामन यांची खात्री पटली होती. कमलाबाई नियमित विद्यार्थिनी झाल्या, आणि त्यांच्या मागून इतर स्त्रियांनाहि संस्थेंत वाट मिळाली. आपली चूक दिसल्यावर रामन ती धरून बसले नाहींत, हें त्यांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. अॅना मणी यांच्यासारख्या विदुषीनें पुढें त्यांच्याच प्रयोगशाळेंत संशोधन केलें. कमलाबाई १९३६ सालीं एम.एस्सी. झाल्या.

त्यानंतर केंब्रिज. तेथील न्यूनहॅम कॉलेजांत १९३७ सालीं त्यांना प्रवेश मिळाला, आणि सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेंत काम करण्याची संधीहि. पण तेथें जागाच शिल्लक नव्हती. तेव्हां डॉ. डेरेक रिक्टर यांनीं आपलें टेबल दिवसा कमलाबाईंना देऊं केलें व स्वतःसाठीं रात्र ठेवली. बंगलोरास रात्रीची अट विद्यार्थिनीस घातली गेली होती. येथें ती शास्त्रज्ञानें आपण होऊन पत्करली! याच टेबलावर बटाट्याच्या अभ्यासांतून वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम सी या द्रव्याचा शोध लागला. प्रबंध अवघा ४० पानांचा. १९३९ सालीं त्यास पीएच.डी. मिळाली.

त्याच वर्षीं स्वदेशीं परतल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजांत जीवरसायनशास्त्राच्या नव्या विभागाचें प्रमुखपद त्यांजकडे आलें. तें कॉलेज स्त्रियांसाठींच होतें.