पुराव्याचे बळ

डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी असला पाहिजे, असे आपण म्हणतो. आपल्या नैयायिकांनी या अनुमानाची चिकित्सा करताना दोन दृष्टान्त घेतले : स्वयंपाकघर आणि सरोवर. स्वयंपाकघरात धूर आहे व अग्नीही आहे. सरोवरात अग्नी नाही आणि धूरही नाही. श्रोतेहो, पुराव्याचे खरे बळ या दुसऱ्या दृष्टान्तात आहे. अग्नी असता धूर दिसतो, एवढ्याने भागत नाही. अग्नी नसता तो दिसत नाही, हेही पाहावे लागते. सरोवरावरील धुक्याला जो धूर समजला, त्याचे अनुमान तेथेच ढासळले.

ही केवळ पंडितांची चर्चा नव्हे. इंग्लंडमध्ये १९९९ साली एका मातेला आपल्या दोन तान्ह्या मुलांच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली. अशा कुटुंबात निरोगी मूल अकस्मात दगावण्याचा संभव ८,५४३ मध्ये एक, असे एका नामांकित बालरोगतज्ज्ञाने साक्षीत सांगितले. आणि त्या संख्येला तिनेच गुणून, दोन मुले दगावण्याचा संभव सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक ठरविला!

हा गुणाकार, दोन घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच खरा. येथे तर भावंडांचे रक्त एक, घर एक. पहिल्याला जे बाधले ते दुसऱ्यालाही बाधू शकते. दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. असे दोन नैसर्गिक मृत्यू दुर्मिळ खरे. परंतु मातेने आपली दोन मुले मारावी, हे तरी कोठे नित्याचे आहे? एकाच पारड्याचे वजन सांगून तराजूचा कल कळत नाही.

इंग्लंडच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ साली त्या आकड्याला जाहीर आक्षेप घेतला. २००३ साली अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली. एका मुलाच्या जंतुतपासणीचे निष्कर्ष बचावपक्षाला कळविलेच नव्हते, हे त्याचे मुख्य कारण. तथापि त्या आकड्यावरही न्यायालयाने ताशेरे ओढले. तोवर त्या मातेची तीन वर्षांहून अधिक वर्षे तुरुंगात गेली होती.

म्हणून कोणी मोठा आकडा पुढे केला, तर दिपून जाऊ नये. हा आकडा कशाच्या तुलनेत, एवढेच शांतपणे विचारावे. आरोप खरा असता हा पुरावा जितका अपेक्षित, तितकाच तो आरोप खोटा असताही अपेक्षित असेल, तर त्या पुराव्याने काहीच सिद्ध होत नाही. दोन्ही पारडी पाहून केलेला तर्क चुकला, तरी त्याला न्याय्य म्हणता येते. एकच पारडे पाहून केलेला तर्क बरोबर आला, तरी तो केवळ योगायोग होय.