गर्भवतीचा आहार आणि बाळाचे वजन

(सुवर्णमहोत्सवी महिला मेळाव्यातील व्याख्यान)



मातेस क्लेश होऊ नयेत म्हणून भगवान महावीर गर्भात निश्चल राहिले आणि त्रिशलामाता व्याकूळ झाली, हा कल्पसूत्रातील प्रसंग आपणास ठाऊक आहे. त्यापुढचे वर्णन मात्र कानांवरून निघून जाते. अतिशीत, अतिउष्ण, अतितिखट वर्ज्य करून मातेने गर्भास हितकर आहार योग्य वेळी घेतला, असे तेथे सांगितले आहे. माझा विषय तोच आहे.

गर्भवतीचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी झाले की तो रक्तक्षय होय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सुमारे ४६ टक्के गर्भवतींना तो आढळला. बाळाला प्राणवायू मातेच्या रक्तातूनच मिळतो. तो अपुरा पडला की वाढ खुंटण्याचा किंवा दिवस भरण्यापूर्वी प्रसूती होण्याचा धोका वाढतो, आणि बाळ अडीच किलोही भरत नाही. ‘बाळ लहान तर बाळंतपण सोपे’ असे म्हणून सुनेचे ताट आखडणाऱ्या सासूबाईंनी हे ध्यानी घ्यावे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून जवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास केला. पालेभाज्या, फळे व दूध वारंवार घेणाऱ्या मातांची बाळे वजनाने सरस होती. त्याच मातांपैकी निम्म्याहून अधिक जणींत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. आपण शाकाहारी, ते आपल्याला दूध-दह्यातूनच मिळते, म्हणून तेही तपासून घ्यावे.

आता आपल्या घरातली अडचण. तिथीला हिरवी भाजी नाही, चातुर्मासात तर कित्येक घरी चार महिने नाही. अशा वेळी बाजरीची भाकरी, मटकी, हरभरे, तीळ, खजूर, अळिवाचे लाडू आणि सोबत आवळा ठेवावा. जेवणावर लगेच चहा नको. त्याने अन्नातील लोह अंगी लागत नाही.

चौविहार पाळणाऱ्या भगिनी विचारतात, रात्रीची लोहाची गोळी कशी घ्यावी? ती रात्रीच घ्यावी असे बंधन नाही. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्यासोबत घ्यावी. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौचास काळे होते, त्याने घाबरू नये. गर्भारपणात किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर तितकेच दिवस ती घ्यायची असते व सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते.

आणि अठाईचे पच्चक्खाण? माझे मत स्पष्ट आहे. गर्भवतीने ते मागू नये, मागितले तरी घरच्यांनी महाराजसाहेबांना तिची अवस्था आधी सांगावी. तपश्चर्या पुढच्या वर्षीही करता येते; गर्भाचे हे नऊ महिने पुन्हा येत नाहीत.