परमुलखातील पहिले सहा महिने



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. माझे शिक्षण गेटवरच्या सभांत झाले. त्यामुळे आखाताच्या राजकारणात मी शिरणार नाही. आपला एखादा फिटर, वेल्डर, सुतार दुबईला किंवा दोह्याला जातो; तिथे त्याचे बस्तान कसे बसते, आणि का बसत नाही, एवढाच माझा विषय.

परमुलूख आपल्याला नवा नाही. कोकणातला गडी गिरणगावात आला तो असाच आला. एका खोलीत दहा-वीस जण, पाळी बदलली की अंथरुणावरचा माणूस बदलायचा, जेवण खानावळवालीकडे, आणि मनिऑर्डर गावी. दुबईच्या कामगार छावण्यांतही हेच दृश्य आहे. तिथल्या एका मोठ्या वस्तीला कामगारांनी ‘सोनापूर’ असे नाव दिले आहे. सोने मिळवायला आलेल्यांनी ते हौसेने ठेवले असेल; पण मुंबईकराला सोनापूर म्हणजे स्मशान! ऐकून पोटात गोळाच येतो.

फरक निराळ्या ठिकाणी आहे. गिरणीतल्या माणसाचे मुकादमाशी बिनसले, तर दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या गिरणीच्या दारात बदली म्हणून उभा राहू शके. आखातात ‘कफील’ नावाची असामी असते. ज्या मालकाने बोलावले त्याच्या नावावर तुमचा राहण्याचा परवाना. त्याची नोकरी सोडलीत की मुक्कामही बेकायदा, अशी ही जुनी पद्धत. तिला अलीकडे बराच छेद गेला आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कतारने २०२० साली मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा दिली, आणि मार्च २०२१ पासून किमान वेतन महिना १००० रियाल ठरवले. मालकाने सोय केली नसेल तर राहण्याचे ५०० आणि जेवणाचे ३०० वर.

मग माणूस वाईट नोकरी सोडत का नाही? कारण कफिलाची बेडी सैल झाली तरी सावकाराची तशीच असते. १९८३ च्या कायद्याखालील नियमांनी भरती एजंटाचे शुल्क ३०,००० रुपये आणि त्यावरील कर एवढ्यावर बांधले. प्रत्यक्षात घेतले जाते किती, ते या सभागृहातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. समजा, १,२०,००० रुपये महिना शेकडा तीनने काढले. नुसते व्याजच ३६०० झाले! मुद्दल जागच्या जागी. असा माणूस पहिले सहा महिने तक्रार करीत नाही, आजारी असल्याचे सांगत नाही, उपाशीही राहतो. म्हणून मी म्हणतो की बस्तान तिथे बसत नाही; ते इथे, निघण्यापूर्वीच बसते किंवा मोडते.

भेटीच्या व्हिसावर जाऊ नका. तो नोकरीचा परवाना नव्हे. अमिरातीत २०१६ पासून नोकरीचे देकारपत्र कामगाराला समजणाऱ्या भाषेतही द्यावे लागते. त्या भाषांत हिंदी आहे, मराठी नाही. पण आपल्याला हिंदी कळते. ते वाचा आणि त्याची छबी घरी ठेवा. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे तिथेही बेकायदा आहे.

उन्हाविषयीही बोलले पाहिजे. उन्हाचा तडाखा बसतो तो बहुधा नव्या माणसाला, पहिल्या काही दिवसांत. शरीराला सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास बंदी आहे. ती सवलत नव्हे, कायदा आहे. आणि राहण्याच्या इमारतीचा जिना पहिल्याच रात्री पाहून ठेवा. १२ जून २०२४ रोजी कुवेतमध्ये मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागली, तीत चाळीसहून अधिक भारतीय गेले.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. बहारीनने २००२ साली कामगार संघटनांना मान्यता दिली. अमिरातीत तो हक्कच नाही. तिथे युनियनचा झेंडा नेऊ नका, परत पाठवतील. पण खोलीतली मेस चालवा. आठ जणांनी वर्गणी काढून भाजी आणायची, हिशेब भिंतीवर लावायचा, एकाचा पगार अडला तर त्याचे जेवण दोन महिने थांबवायचे नाही. पगार बँकेतून देण्याची सक्ती अमिरातीत २००९ पासून आहे. तो अडला तर मजूर खात्याकडे तक्रार करता येते. पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत तग धरायला ताटात भात लागतो, तो मेस देते.

घरी मात्र खरा पगार सांगा. पुष्कळ जण पहिल्या फोनवर आकडा फुगवून सांगतात, मग घराचे बांधकाम त्या आकड्यावर सुरू होते, आणि दुसरे कर्ज उभे राहते.

ज्यांचे व्हिसे आले आहेत त्यांनी कागद घेऊन युनियनच्या कचेरीत यावे. संध्याकाळी सातनंतर मी असतो. सही करण्यापूर्वी या. सही झाल्यावर आलात तरी चहा मिळेल, पण कागदात बदल करणे तेव्हा माझ्या हाती उरलेले नसते.