आधी विचारू, लोह आलं कुठून?



उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी, राजापूर अशी गरम पाण्याच्या झऱ्यांची ओळच आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात आहे. उन्हवऱ्याचं पाणी तर ७० अंशांच्या आसपास. कुंडात उतरणारा भाविक त्यात लोह किती, हे विचारत नाही. असं पाणी नळातून फिरवून उष्णता काढायला निघालो, की मात्र ते विचारावंच लागतं.

खोल जमिनीत प्राणवायू नाही, म्हणून लोह विरघळलेलं राहतं आणि पाणी नितळ दिसतं. वर हवा लागली की तांबूस गाळ धरतो. खरं तर १ मिलिग्रॅम लोहाला ०.१४ मिलिग्रॅम प्राणवायू पुरतो. त्यामुळे हवा द्या, निवळू द्या, वाळूतून गाळा, हा आपला नेहमीचा रस्ता. गरम पाण्यात ही क्रिया आणखी झपाट्याने होते. पण हवा देताना कर्बवायू उडून जातो आणि चुना नळांत बसू लागतो. शिवाय विरघळलेली सिलिका लोहाचे कण इतके बारीक ठेवते, की ते गाळणीतून खुशाल पार होतात.

पॅरिसच्या परिसराचा अनुभव मला याहून मोलाचा वाटतो. तिथे १९६९ पासून खोल चुनखडकातलं गरम पाणी घरं उबदार ठेवायला वापरतात आणि गार झालेलं पाणी दुसऱ्या विहिरीतून परत खाली सोडतात. १९८०च्या दशकात अनेक विहिरी लोह सल्फाइडच्या थरांनी चोंदल्या. त्यातलं बरंचसं लोह खडकातून आलेलं नव्हतंच. पाण्यातल्या वायूंनी विहिरीचा पोलादी पाइपच खाल्ला होता. मग त्यांनी बारीक नळीने विहिरीच्या तळाशी गंजरोधक सोडायला सुरुवात केली. आणि जे पाणी परत जमिनीत सोडायचं, त्याला हवा लागूच द्यायची नसते. तिथे आपला नेहमीचा रस्ता उलट घात करतो.

म्हणून या परिषदेत निबंध वाचणाऱ्यांना यजमानाची एक आगाऊ विनंती: पाण्यात लोह किती, एवढ्यावर थांबू नका; ते कुठून आलं आणि पाणी पुढे कुठे जाणार, हेही सांगा. नमुना विहिरीच्या तोंडाशी घेतला की टाकीतून, तेही सांगितलंत तर चर्चेतली निम्मी भांडणं वाचतील.

उद्या दुपारी जेवणानंतर तुरळला जायचं आहे. पंचा सोबत ठेवा.