उल्हासच्या कांठाकांठानें

मुंबईकडे जाणारी आगगाडी डोंबिवली सोडून दिवा-मुंब्र्याच्या अंगानें धांवूं लागली, म्हणजे उजव्या हाताला खाडीचें रुंद, करडें पाणी दिसूं लागतें. गाडींत बसलेल्या, किंवा खरें सांगावयाचें तर दाटीवाटीनें उभ्या असलेल्या, प्रवाशांपैकीं फारच थोड्यांची नजर तिकडे वळते. ज्या पाण्याकडे ते पाठ करून उभे असतात, त्याच पाण्यानें कल्याण आणि ठाणें हीं दोन्ही शहरें वाढविलीं, आणि अंबरनाथचें देऊळहि त्याच पाण्याच्या एका फांट्यावर उभें राहिलें, हें कोणी सांगितलें तर त्यांतल्या पुष्कळांना नवल वाटेल. आगगाडीनें हीं गांवें एका सूत्रांत ओवलीं तीं अगदीं अलीकडे. त्यापूर्वीं कित्येक शतकें तें काम नदी करीत होती. म्हणून ज्याला हा प्रांत समजून घ्यावयाचा आहे त्यानें दोन-तीन दिवस गाडी विसरावी, आणि अंबरनाथपासून घोडबंदरापर्यंत पाण्याची संगत धरून पायीं चालावें.

उल्हास नदी राजमाचीच्या परिसरांतील डोंगरांत उगम पावते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर अशी उतरत कल्याणास येते. तिची एकंदर लांबी सुमारें १२२ किलोमीटर. कल्याणाजवळ तिला काळू नदी मिळते, समुद्राच्या भरतीचें पाणीहि तेथपर्यंत चढतें, आणि नदीची खाडी होते. ठाण्यापाशीं ह्या पाण्याला दोन वाटा फुटतात. मुख्य प्रवाह घोडबंदरावरून वसईच्या समुद्रास जातो आणि दुसरा मुंबईच्या बंदरांत शिरतो. एवढा भूगोल ध्यानांत ठेवला म्हणजे पुढचा इतिहास पाठ करावा लागत नाहीं.

चालावयास आरंभ करावा तो अंबरनाथच्या शिवालयापासून. स्थानकाच्या पूर्वेस थोडें चाललें कीं वालधुनी नांवाच्या लहानशा उपनदीच्या कांठीं हें काळ्या पाषाणाचें देऊळ लागतें. मंडपाच्या उत्तर दारावर शिलालेख आहे. त्यांतील शक आरंभीं ७८२ असा वाचला गेला होता. पुढें तो ९८२, म्हणजे इसवी सन १०६० असा निश्चित झाला. एका अंकाच्या वाचनानें देवळाचें वय २०० वर्षांनीं कमी-अधिक व्हावें, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. लेख शिलाहार राजा मुम्मुणि ह्याच्या वेळचा असून त्यांत त्याचा वडील भाऊ छित्तराज ह्याचेंहि नांव येतें. उत्तर कोंकणचे हे शिलाहार स्वतःस तगरपुरवराधीश्वर म्हणवीत, आणि आपल्या राज्याचें वर्णन १४०० गांवांचा कोंकण असें करीत.

देवळाची पहिली ओळख बाहेरून करून घ्यावी. भिंत म्हणून सपाट अशी कोठें नाहींच. कोन, उपकोन आणि कोनाडे ह्यांनीं ती इतकी दुमडलेली आहे कीं सूर्य जसजसा कलतो तसतसें छायेचें एक नवें कोरीवकाम त्या मूळच्या कोरीवकामावर उमटत जातें. शिखराचे उभे पट्टे आणि त्यांच्या मध्यें एकावर एक रचलेलीं चिमुकलीं शिखरें, ही भूमिज नांवाची धाटणी. सिन्नरचा गोंदेश्वर पाहिलेल्यांस ती ओळखीची वाटेल. परंतु गाभाऱ्याशीं आल्यावर मात्र येथील निराळेपण कळतें. इतरत्र देवाकडे चढून जावें लागतें. येथें मंडपांतून सुमारें २० पायऱ्या खालीं उतरावें लागतें, आणि पिंडीपाशीं उभें राहून वर पाहिलें तर छप्पर नाहीं, आकाश आहे. शिखर पुरें झालेंच नाहीं कीं मागाहून ढासळलें, ह्याविषयीं जाणत्यांत मतभेद आहेत. अंबरनाथ, म्हणजे आकाशाचा स्वामी, ह्या नांवाशीं भाविक त्याची सांगड घालतात. आणि महाशिवरात्रीच्या यात्रेंत त्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या माणसाला ती सांगड मुळींच ओढूनताणून आणलेली वाटत नाहीं.

देवळामागची वालधुनी मात्र पाहवत नाहीं. जिच्या पाण्यावर भरंवसा ठेवून शिलाहारांच्या कारागिरांनीं हें स्थळ निवडलें, तिच्यांत आज गांवची सांडपाणी आणि कारखान्यांचें टाकाऊ पाणी वाहतें. २०१४ सालीं ह्या नदींत चोरून ओतलेल्या रसायनांच्या वायूनें उल्हासनगरांत शेंकडों माणसांना रुग्णालय गांठावें लागलें. हें प्रदूषणाचें प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलें, हुकूम सुटले, दंडहि ठोठावले गेले. देवळाच्या दगडाला संरक्षित स्मारकाचा दर्जा आहे. देवळाच्या नदीला नाहीं.

येथून कल्याणपर्यंतची वाट उल्हासनगरांतून जाते. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीच्या बराकींत १९४७ नंतर सिंधी निर्वासितांनीं बिऱ्हाडें थाटलीं, आणि १९४९ सालीं त्या वसाहतीला नदीचेंच नांव मिळालें. नदीला ज्यांनीं कधीं पाहिलें नव्हतें अशा लोकांनीं तिचें नांव धारण केलें, हा योग मोठा विलक्षण. बाकी ही वाट बाजाराची आणि गर्दीची आहे. ती झपझप चालून टाकावी.

कल्याणास आल्यावर थेट दुर्गाडीच्या टेकाडावर जावें. किल्ला लहान; बुरूज आणि देवीचें देऊळ पाहावयास घटकाभर पुरे. पण तेथें बसून खाडीकडे तोंड केलें म्हणजे कल्याण येथेंच कां वसलें, हें कोणीं न सांगतां कळतें. समुद्रांतून आलेलें गलबत भरतीबरोबर येथपर्यंत चढूं शकत असे. आणि घाटावरून आलेला बैल, नाणेघाटानें येवो वा बोरघाटानें, येथेंच पाण्याशीं पोंचत असे. बैलाच्या पाठीवरचें ओझें जेथें नावेंत पडतें तेथें पेठ वसते. पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासग्रंथांत ह्या बंदराचें नांव आहे. येथें आलेलीं ग्रीक जहाजें पहारा बसवून भडोचकडे नेलीं जात, अशीहि तक्रार त्यांत केलेली आहे. सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाच्या व्यापाऱ्यानें येथें इराणांतून नेमलेला ख्रिस्ती धर्मगुरु असल्याचें लिहून ठेवलें. शिवाजी महाराजांनीं १६५७ सालीं कल्याण-भिवंडी घेतली, आणि मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजें ह्याच खाडींत बांधावयास घेतलीं. पुढें इंग्रजांचे इंजिनियर आले. १८५४ सालीं त्यांची आगगाडी ठाण्याहून कल्याणास पोंचली, आणि तेथून तिला दोन फांटे फुटले: एक १८६३ सालीं बोरघाट चढून गेला, दुसरा १८६५ सालीं थळघाट. ज्या जागीं बैलांचे तांडे वाट बदलीत, त्याच्याच आसपास गाड्यांना सांधे बदलावे लागले; जमिनीनें दुसरा मार्ग ठेवलाच नव्हता.

ज्याच्याजवळ एक दिवस अधिक असेल त्यानें खाडीपलीकडे कोनगांवावरून भिवंडीच्या अंगाला लोनाडास जाऊन यावें. तेथें डोंगरांत राजदरबाराचें मोठें शिल्प असलेलें बौद्ध लेणें आहे, गांवांत मध्ययुगीन शिवालयाचे भग्नावशेष आहेत, आणि जवळच चौधरपाड्यास शिलाहार केशिदेवाचा शके ११६१ चा दानलेख सांपडला. ह्या मुलुखांत जुने दानाचे दगड हिंडतांना भेटतात. कांहींवर वर चंद्रसूर्य आणि खालीं दान मोडणाऱ्याला गाढवाची अभद्र शिवी कोरलेली असते. लोक त्यांना गधेगळ म्हणतात. ज्याला अक्षर येत नसे त्यालाहि कायदा समजावा अशी ती व्यवस्था होती.

कल्याण ते ठाणें हा पुढचा टप्पा खरा अवघड. अंतर २० किलोमीटरांच्या आसपास. परंतु सलग अशी कांठाची वाट नाहीं. कोठें तिवरांची दाट राई आणि मांडीभर चिखल, कोठें खाडीचें पाणी थोपविण्यास आगरी शेतकऱ्यांनीं घातलेले जुने बांध, कोठें रेतीचे धक्के, आणि कोठें थेट पाण्यापर्यंत आलेल्या उंच इमारती. ह्या बांधांवरून चालणें हाच सर्वांत सुखाचा भाग. ओहोटीच्या वेळीं चिखलांत निवट्या उड्या मारीत असतात, बगळे एका पायावर त्यांची वाट पाहत असतात, आणि कोळ्याची होडी तिरपी पडून भरतीची वाट पाहत असते. परंतु दरवर्षीं ह्या बांधांचा एखादा तुकडा भरावाखालीं जातो, किंवा त्याला कुंपण पडतें. रेल्वेचा मार्ग सरळ आहे म्हणून मुंब्र्यापाशीं त्यावरून चालण्याचा मोह कोणीहि धरूं नये. तो रोज बळी घेणारा मार्ग आहे.

फ्रान्स देशांत ल्वार नदीच्या कांठीं ओर्लेआंपासून बोजांसीपर्यंत १९४७ सालीं एक पायवाट आंखली गेली. झाडांवर, दगडांवर पांढरा पट्टा आणि त्याखालीं तांबडा पट्टा, एवढीच तिची खूण. बोजांसीस अकराव्या शतकांतला एक चौकोनी गढीचा मनोरा उभा आहे, म्हणजे आपल्या अंबरनाथचा तो समवयस्कच. त्या एका नदीकांठापासून निघालेल्या खुणांच्या वाटा पुढें साऱ्या फ्रान्सभर पसरल्या, आणि त्या राखण्याचें काम आजहि बहुतांशीं हौशी मंडळीच रंगाचा डबा हातीं घेऊन करीत असतात. आपल्याकडे हौशी मंडळी नाहीं असें नाहीं. कल्याण-डोंबिवलीचे तरुण दर रविवारीं पहांटेच्या गाडीनें सह्याद्रीचे गड चढावयास जातात, आणि वाट चुकूं नये म्हणून खडकांवर बाणहि काढतात. गडाच्या वाटेला हा मान मिळतो आणि घरामागच्या नदीला मिळत नाहीं, ह्याचें कारण इतकेंच कीं गड उंच असल्यामुळें दुरून दिसतो. वहिवाट मोडली कीं वाटेवरचा हक्कहि मोडतो, हें खेड्यांतला कोणताहि शेतकरी सांगेल. बांधावरून चालणारें कोणी उरलें नाहीं, तर कुंपण घालणाराला अडविणार कोण?

ठाण्यास पोंचल्यावर मासुंदा तलावाच्या पाळीवर विसावा घ्यावा. शिलाहारांच्या लेखांतलें श्रीस्थानक तें हेंच. तलावाकांठचें कौपिनेश्वराचें सध्यांचें देऊळ पेशवाईंत, १७६० सालीं, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर ह्यांनीं उभारलें. आंतील पिंडी चांगलीच भव्य आहे. ठाण्याच्या किल्ल्यांत आज तुरुंग असल्यामुळें तो बाहेरूनच पाहावयाचा. ह्याच किल्ल्याच्या आवारांत १७८७ सालीं पाया खणतांना छित्तराजाचा चुलता अरिकेसरी ह्याचा १०१७ सालचा ताम्रपट निघाला, आणि दुसऱ्याच वर्षीं कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या खंडांत त्याचें भाषांतर छापलें गेलें. इंग्रज आपली तटबंदी घट्ट करावयास गेले, आणि जुना राजा जमिनींतून वर आला!

ठाण्याविषयीं मार्को पोलोनें एक गमतीची हकीकत दिली आहे. येथील राजा समुद्रावरच्या चांच्यांशीं संगनमत करून असे. करार असा कीं लुटींतले घोडे राजाचे आणि बाकीचा माल चांच्यांचा. कोंकणांत घोडे पैदा होत नसत, तेव्हां राजाची अडचण समजण्यासारखी आहे. पण करार राजाला शोभणारा नव्हता, असें पोलोनेंच म्हटलें आहे.

ह्या हकीकतीची आठवण शेवटच्या टप्प्यांत पुन्हां होते. ठाण्याहून गायमुखापर्यंत रस्ता आहे, आणि त्यावर वाहनांचा ताण फार. चालणारानें पहांटेच निघावें. गायमुखाच्या पुढें एका अंगाला डोंगर आणि राखीव जंगल, दुसऱ्या अंगाला खाडी, अशी चिंचोळी पट्टी लागते. तिच्या टोंकाला घोडबंदरचा किल्ला आहे. तो पोर्तुगीजांनीं बांधला आणि चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेंत, १७३७ सालीं, मराठ्यांच्या हातीं आला. समुद्रावरून आणलेले घोडे येथें उतरत म्हणून घोडबंदर, असें सांगतात. किल्ल्याच्या बुरुजावरून वसईकडे जाणारें पाणी दूरवर दिसतें. अंबरनाथच्या देवळामागें जें वालधुनीचें पाणी पाहिलें, तें उल्हासला मिळून ह्याच वाटेनें समुद्रास जातें. चढती भरती असेल तर तें घटकाभर उलट, कल्याणच्या दिशेनें, सरकतांनाहि दिसेल. परतीस ठाण्याची बस रस्त्यावर मिळते.