अखंडांतून अंकाकडे



निसर्गांतील बहुतेक राशि अखंड असतात. सकाळचें कोंवळें ऊन दुपारच्या उन्हांत केव्हां मिसळलें याची रेघ कोणास दाखवितां येत नाहीं. चुलीवरचें दूधहि पायऱ्यापायऱ्यांनीं तापत नाहीं. गणकयंत्राला मात्र कळतो तो केवळ आंकडा. या दोहोंमध्यें दुभाष्याचें काम करणारीं दोन उपकरणें आहेत. विद्युद्दाबाचा आंकडा करणारें तें एडीसी, आणि आंकड्यापासून पुन्हां विद्युद्दाब घडविणारें तें डीएसी. घरीं बसून विद्युन्मंडलें जुळविणाऱ्या हौशी तरुणांनीं यांची निवड कशी करावी, हा आजचा विषय.

ही कल्पना तशी जुनीच. अलेक रीव्ज या इंग्रज अभियंत्यानें १९३७ सालीं, पॅरिस येथें काम करीत असतां, आवाजाचे आंकडे करून ते तारेनें धाडण्याची युक्ति शोधिली. प्रचारांतील बऱ्याच एडीसींची रीत तर वाण्याच्या तागडीसारखीच आहे. आधीं पूर्ण मापाच्या निम्में वजन टाकावयाचें. जड झालें तर काढावयाचें, नाहीं तर ठेवावयाचें. मग त्याच्या निम्में, मग त्याच्याहि निम्में. अशा दहा खेपा झाल्या कीं दहा बिटांचा आंकडा मिळतो, व पूर्ण मापाचे १०२४ भाग पडतात.

आतां एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. दूध ६३ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटें राखिलें म्हणजे तें पाश्चरीकृत होतें. त्याचें तापमान पाहण्यासाठीं एलएम-३५ हा संवेदक वापरला. तो दर अंशास १० मिलिव्होल्ट देतो. अर्डुइनो ऊनोच्या तिसऱ्या आवृत्तींतील एडीसी दहा बिटांचें आहे. माप ५ व्होल्टचें धरल्यास एक पायरी सुमारें ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे जवळजवळ अर्ध्या अंशाची होते. हें स्थूल वाटलें कीं पुष्कळजण लागलींच सोळा बिटांचें उपकरण विकत आणावयास धांवतात. परंतु त्याच चिपेच्या पोटांत १.१ व्होल्टचा संदर्भदाब आहे. तो योजिला कीं पायरी एका मिलिव्होल्टच्या आसपास येते, म्हणजे अंशाचा दहावा भाग. आणि ११० अंशांपर्यंतचें माप दुधाला पुरून उरतें. खर्च कांहींच नाहीं!

मात्र येथेंच खरा धोका आहे. बारीक मोजणें निराळें आणि बरोबर मोजणें निराळें. हा १.१ व्होल्टचा दाब प्रत्येक चिपेंत १.० पासून १.२ पर्यंत कांहींहि असूं शकतो. तो १.० असेल आणि आपण हिशेबांत १.१ धरिला, तर यंत्र ६३ अंश दाखवील, आणि दूध मात्र ५७ अंशांच्याच आसपास असेल. तें दूध निर्धोक समजून मुलांना पाजलें जाईल. म्हणून चिपेच्या एरेफ या पायावरील दाब चांगल्या मीटरनें एकदां मोजावा, तोच हिशेबांत घ्यावा, आणि सर्व जुळणी खात्रीच्या तापमापकाशीं ताडून पाहावी. खोट्या मापानें दहा वेळां तोललें तरी खोटेंच तोललें जातें.

दुसरा प्रश्न वेगाचा. ज्या कंपनाचें मोजमाप हवें, त्याच्या दुपटीहून अधिक वेळां नमुने घेतले पाहिजेत. घरांतील विजेचीं आवर्तनें सेकंदास ५०. त्यांचे नमुने सेकंदास ६० घेतले, तर मुळांत नसलेलीं १० आवर्तनें कागदावर उमटतात! म्हणून नको असलेलीं जलद कंपनें एडीसीच्या आधींच गाळून टाकावीं. आंकडा झाल्यावर खरें-खोटें निवडतां येत नाहीं. टेलिफोनला सेकंदास ८,००० नमुने पुरतात. १९८२ सालीं आलेल्या संगीताच्या कॉम्पॅक्ट डिस्कला ४४,१०० लागले.

वेग आणि बारकावा हीं दोन्हीं एकत्र स्वस्तांत मिळत नाहींत. सर्व पायऱ्या एकदम ताडून पाहणाऱ्या फ्लॅश जातीला आठ बिटांसाठींच २५५ तुलनाकारक लागतात; ती अतिशय जलद, पण खर्चिक. उलट डेल्टा-सिग्मा जात अत्यंत बारीक, पण संथ. वजनकांट्यांत वापरतात तें एचएक्स-७११ चोवीस बिटांचें असून सेकंदास १० किंवा ८० च नमुने देतें, आणि त्यांतलेहि शेवटचे कांहीं बिट विजेच्या गोंगाटांत बुडतात.

डीएसीची निवड त्या मानानें सोपी. दिव्याचा उजेड किंवा पंख्याची गति कमीजास्त करावयाची असेल, तर डीएसी हवेंच असें नाहीं. पीडब्ल्यूएमचे झटपट चालू-बंद होणारे स्पंद पुरतात. शुद्ध स्थिर दाब हवा असल्यास एमसीपी-४७२५ सारखें बारा बिटांचें उपकरण घ्यावें. ५ व्होल्टचे ४,०९६ भाग, म्हणजे पायरी १.२ मिलिव्होल्टची. ध्वनि निर्माण करावयाचा असेल, तर पायऱ्यांच्या कडा घांसून गुळगुळीत करणारी गाळणी पुढें जोडावी.

तेव्हां दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं घरींच ठरवावें: मोजावयाचें काय, तें किती वेगानें बदलतें, आणि किती चूक चालेल. तिन्ही उत्तरें हातीं असलीं, म्हणजे उपकरणाचें नांव जवळजवळ आपोआप ठरतें.